सागरतळाचे श्रवण

बंगळूरच्या यशवंतपूर स्थानकातून वास्को द गामाकडे एक रेल्वेगाडी सुटते. तुमकूर, अर्सिकेरे, हुबळी, धारवाड, लोंढा ही स्थानके मागे टाकीत ती सह्याद्री उतरते आणि गोव्याच्या किनाऱ्याशी येऊन थांबते. प्रवाशाच्या हिशेबाने हे एका रात्रीचे अंतर आहे. भूशास्त्राच्या हिशेबाने ते फार मोठे आहे. गाडी जेथून निघते त्या बंगळूरच्या पायाखालील खडक सुमारे तीनशे कोटी वर्षांपूर्वीचा आहे. लालबागेतील उघडी टेकडी हा त्याचाच एक भाग होय. उलट, गाडी जेथे थांबते त्याच्यापुढे पसरलेल्या हिंदी महासागराचा तळ कोठेही वीस कोटी वर्षांहून जुना नाही.

या लोहमार्गाच्या दोन टोकांना दोन प्रकारचे विज्ञान चालते. यशवंतपूरपासून थोड्याच अंतरावर, जमशेटजी टाटांच्या संकल्पनेतून १९०९ साली स्थापन झालेली भारतीय विज्ञान संस्था आहे. तेथील भूविज्ञान केंद्रात पृथ्वीच्या अंतरंगाची गणिते मांडली जातात. दुसऱ्या टोकाला वास्कोच्या सडा या उंचवट्यावर राष्ट्रीय ध्रुवीय आणि सागरी संशोधन केंद्र आहे, आणि झुआरीच्या मुखापलीकडे दोना पावला येथे १९६६ साली स्थापन झालेली राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आहे. तेथील संशोधक नौकेवर चढून महासागरात जातात आणि तेथील मापे घेऊन परततात. गणिताला मापांची गरज का पडते, आणि ती मापे आणण्यासाठी एखाद्या तरुण संशोधकाला काय करावे लागते, हे या प्रकरणात पाहावयाचे आहे.

खोलगट समुद्र

समुद्राचा पृष्ठभाग सपाट असतो, अशी आपली सर्वसाधारण समजूत असते. भरती-ओहोटी आणि लाटा वगळल्या तर सर्वत्र पाण्याची पातळी एकच असावी, असे आपण गृहीत धरतो. प्रत्यक्षात तसे नाही. पाणी गुरुत्वाकर्षणाच्या ओढीनुसार स्थिरावते आणि ही ओढ सर्वत्र सारखी नसते. पृथ्वीच्या पोटात जेथे जड द्रव्य अधिक आहे तेथे पाणी जमा होते व पातळी किंचित उंचावते. जेथे ते कमी आहे तेथे पातळी खालावते. लाटा, वारा आणि प्रवाह यांचा प्रभाव वजा केल्यावर समुद्राचा जो आकार उरेल त्याला शास्त्रज्ञ ‘जिऑइड’ म्हणतात.

या जिऑइडवरील सर्वांत खोल खळगा आपल्याच महासागरात, श्रीलंकेच्या दक्षिणेस आहे. पृथ्वी सुबक, किंचित चपट्या गोलाच्या आकाराची मानली तर पाण्याची जी पातळी असावयास हवी, तिच्याहून तेथील पातळी सुमारे १०६ मीटरने खाली आहे. तेथून जाणाऱ्या नाविकाला मात्र आपण खळग्यात उतरलो याचा पत्ता लागत नाही. उतार शेकडो किलोमीटरांवर पसरलेला असतो आणि ‘खाली’ ही दिशा गुरुत्वाकर्षणच ठरवीत असल्यामुळे नौका उताराला लागत नाही. हा खळगा केवळ मापनानेच कळू शकतो.

ते मापन प्रथम केले ते फेलिक्स व्हेनिंग माइनेस या डच भूभौतिकीविज्ञाने. लंबकाच्या साहाय्याने गुरुत्वाकर्षण मोजण्याची रीत जमिनीवर जुनी होती. हेलकावणाऱ्या जहाजावर ती निरुपयोगी ठरे. व्हेनिंग माइनेसने त्यावर उपाय शोधला. लाटांचा हेलकावा खोलवर पोहोचत नाही, म्हणून त्याने आपली उपकरणे पाणबुडीत नेली. १९२३ पासून त्याने अशा अनेक सफरी केल्या. हा गृहस्थ असामान्य उंचीचा होता. पाणबुडीच्या अरुंद, ठेंगण्या खोल्यांत आठवडेच्या आठवडे काढणे त्याला किती जड गेले असेल याची कल्पना करता येते. त्याच्या १९४८ सालच्या निष्कर्षांतून हिंदी महासागरातील ही विसंगती जगापुढे आली.

विसंगती कळली, पण तिचे कारण कळले नाही. तेथे खाली द्रव्य कमी का? पृथ्वीच्या पातळ कवचाखाली सुमारे २,९०० किलोमीटर जाडीचा खडकाचा थर आहे. त्याला प्रावरण म्हणतात. हा खडक घन असूनही लक्षावधी वर्षांच्या कालमानात अत्यंत संथपणे वाहतो. तप्त द्रव्य हलके होऊन वर येते, थंड द्रव्य जड होऊन खाली बुडते. या अभिसरणात या खळग्याचे मूळ असावे, असा तर्क होता. २०२३ साली भारतीय विज्ञान संस्थेतील देबंजन पाल व आत्रेयी घोष यांनी संगणकावर गेल्या चौदा कोटी वर्षांतील या अभिसरणाची अनेक प्रतिरूपे मांडून पाहिली. भारतखंड उत्तरेकडे सरकत असता त्याच्यापुढील टेथिस या प्राचीन समुद्राचा तळ प्रावरणात बुडत गेला. त्याच्या दडपणाने आफ्रिकेखालील खोल, तप्त द्रव्य ढवळले गेले आणि त्याचे लोट हिंदी महासागराखाली येऊन पसरले. हेच हलके, तप्त द्रव्य खळग्याचे कारण होय, आणि आजचे रूप त्याला सुमारे दोन कोटी वर्षांपूर्वी आले, असा त्यांच्या गणिताचा निष्कर्ष होता.

निष्कर्ष आकर्षक आहे. परंतु गणिताने दाखविलेले तप्त द्रव्य खरोखर तेथे आहे काय, या प्रश्नाचे उत्तर गणित देऊ शकत नाही. त्यासाठी त्या द्रव्यातून आरपार गेलेले काही तरी हाती यावे लागते. निसर्गात अशी एकच गोष्ट आहे: भूकंपाचे तरंग.

भूमीच्या कक्षेबाहेर

मोठा भूकंप झाला की त्याचे तरंग पृथ्वीच्या अंतरंगातून सर्व दिशांना जातात. थंड, घट्ट खडकातून ते वेगाने जातात. तप्त खडकातून जरा संथपणे. अनेक भूकंपांचे तरंग अनेक स्थानकांवर कोणत्या क्षणी पोहोचले हे अचूक टिपले, तर मधल्या मार्गावर कोठे उशीर झाला ते हिशेबाने काढता येते, आणि त्यावरून अंतरंगाचे चित्र तयार होते. क्ष-किरणांनी शरीराचे आतील चित्र निरनिराळ्या दिशांनी घ्यावे, तसाच हा प्रकार आहे.

आपल्या देशाला भूकंपमापनाची परंपरा आहे. १८९७ च्या आसामच्या प्रलयंकारी भूकंपानंतर कलकत्त्याजवळ अलीपूर येथे आणि मुंबईत कुलाब्याला भूकंपलेखक बसविण्यात आले. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनानगर हादरले आणि ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी उद्ध्वस्त झाले. या दोन घटनांनी दक्खनचे पठार स्थिर आहे हा जुना विश्वास मोडीत काढला आणि स्थानकांचे जाळे अधिक दाट झाले. बंगळूरच्या उत्तरेस गौरीबिदनूर येथे अणुऊर्जा विभागाने १९६५ साली भूकंपमापकांची एक मांडणी उभारली. दूरदेशी झालेले अणुस्फोट ओळखणे हा तिचा एक मुख्य हेतू होता. त्याच दशकात, त्याच हेतूने अमेरिकेत समुद्रतळावर भूकंपमापक ठेवण्याच्या प्रयत्नांना मोठा निधी मिळाला. ज्या उपकरणांनी आज पृथ्वीचा इतिहास वाचला जातो, त्यांच्या जन्मामागे राष्ट्राराष्ट्रांतील संशय होता, ही गोष्ट विसरता येत नाही.

पण ही सर्व स्थानके जमिनीवर आहेत, आणि पृथ्वीचा सुमारे सत्तर टक्के पृष्ठभाग पाण्याखाली आहे. आफ्रिका व ऑस्ट्रेलिया यांच्यामधील अफाट विस्तारात मॉरिशस, रेयुनियन, दिएगो गार्सिया, केर्गेलन अशी मोजकी बेटे सोडली तर स्थानक उभारावयास पाऊलभर जागा नाही. ही उणीव केवळ अभ्यासकांची नाही. २६ डिसेंबर २००४ रोजी सुमात्राजवळ ज्या भूकंपाने त्सुनामी उठविली आणि अंदमान, तामिळनाडू व केरळच्या किनाऱ्यांवर हजारो माणसे गिळली, त्याचे मूळ समुद्राखालीच होते. ११ एप्रिल २०१२ रोजी त्याच भागाच्या पश्चिमेस, कोणत्याही भूपट्टाच्या कडेवर नसलेल्या सागरतळाखाली, ८.६ परिमाणाचा भूकंप झाला. जेथे एवढी शक्ती साठते आणि सुटते, तेथे आपले कान नसावेत ही स्थिती फार काळ चालण्यासारखी नाही.

या गरजेतूनच २०१८ साली गोव्याच्या राष्ट्रीय ध्रुवीय आणि सागरी संशोधन केंद्राने खळग्याच्या प्रदेशात सागरतळावर भूकंपमापक ठेवले.

उपकरणाची रचना

सागरतळावर ठेवावयाचा भूकंपमापक हा दिसावयास ओबडधोबड असतो. एका चौकटीत काही जाड काचेचे पोकळ गोल बसविलेले असतात. त्यांवर प्लॅस्टिकची टोपणे असल्यामुळे ते दुरून भल्या मोठ्या फळांसारखे दिसतात. काच ठिसूळ खरी, परंतु सर्व बाजूंनी सारखा दाब आला असता गोल आकाराची काच तो आश्चर्यकारकपणे सहन करते. पाच किलोमीटर खोलीवर हा दाब हवेच्या दाबाच्या सुमारे पाचशेपट असतो. हे गोल म्हणजे उपकरणाची तरंगण्याची शक्ती होय. धातूच्या जाड नळकांड्यात नोंदयंत्र, घड्याळ आणि वर्षभर पुरतील असे विद्युत्‌घट असतात. जमिनीची सूक्ष्म हालचाल टिपणारा मापक निराळ्या कोठीत असतो, आणि पाण्यातील दाबाचे चढउतार ऐकणारा एक ध्वनिग्राहक त्याच्या जोडीला असतो. या सर्वांच्या तळाशी लोखंडाचे वजन जखडलेले असते.

वजन हे उपकरणाला तळाशी नेण्यासाठी असते आणि तेथेच टाकून देण्यासाठी असते. वर्षभरानंतर नौका पुन्हा त्याच जागी येते आणि पाण्यातून ठरावीक ध्वनिसंकेत पाठविते. उपकरण तो ओळखते. वजनाला धरून ठेवणाऱ्या तारेतून वीज सोडली जाते; खाऱ्या पाण्यात ती तार काही मिनिटांत झिजून तुटते, आणि मोकळे झालेले उपकरण काचेच्या गोलांच्या बळावर वर येऊ लागते. पृष्ठभागी आल्यावर त्यावरील दिवा उघडझाप करू लागतो, लहानसा प्रक्षेपक संदेश देऊ लागतो आणि रंगीत ध्वज फडकू लागतो.

हे सारे ऐकावयास सोपे आहे. समुद्रावर मात्र यातील प्रत्येक पायरीवर कोणा ना कोणा माणसाचे लक्ष असावे लागते, आणि तो माणूस पुष्कळदा पहिल्यांदाच नौकेवर आलेला असतो.

नौकेवरील दिवस

संशोधन-नौका ही लहान वस्ती असते. तिच्यावर नाविक असतात, यंत्रशाळेतील माणसे असतात, आचारी असतात आणि त्यांच्यात काही आठवड्यांपुरते येऊन मिसळणारे वैज्ञानिक असतात. भारताची पहिली समुद्रविज्ञान-नौका ‘गवेषणी’ १९७६ साली कामास लागली. जर्मनीत बांधलेली, सुमारे शंभर मीटर लांबीची ‘सागरकन्या’ १९८३ साली तिच्या जोडीला आली, आणि आपल्या संशोधकांच्या कित्येक पिढ्यांनी समुद्राचे पहिले धडे तिच्यावरच घेतले.

या धड्यांतील पहिला धडा बोट लागण्याचा. विद्यापीठात कितीही नाव मिळविलेले असो, पहिले दोन-तीन दिवस बहुतेकांना अंथरुणावर पडून काढावे लागतात. त्यानंतर पाळ्या सुरू होतात. नौका रात्री थांबत नाही. तिचा एकेक दिवस फार खर्चाचा असतो. ठरलेल्या जागी नौका मध्यरात्री पोहोचली तर उपकरण मध्यरात्रीच सोडावे लागते. यशवंतपूरच्या वसतिगृहात सकाळी नऊला उठणारा विद्यार्थी येथे पहाटे चारला शिरस्त्राण व जीवरक्षक जाकीट घालून डेकवर उभा असतो.

डेकवर शब्द चालतो तो सारंगाचा. क्रेनच्या आकड्याला टांगलेले, कित्येक मण वजनाचे उपकरण नौकेच्या हेलकाव्याबरोबर झुलू लागले तर ते एखाद्याचा जीव घेऊ शकते. म्हणून दोन्ही बाजूंनी दोर लावून ते आवरून धरतात. सारंगाने हात खाली केला की ते हळूहळू पाण्यात उतरते, आकडा सुटतो आणि काही क्षणांत पिवळसर गोल निळ्या पाण्यात दिसेनासे होतात. डॉक्टरेटचा संशोधक असो वा संस्थेचा संचालक, डेकवर सारंगाचे ऐकावे लागते, हा दुसरा धडा.

उपकरण सेकंदाला सुमारे एक मीटर या वेगाने बुडते. पाच किलोमीटर खोली असेल तर तळाशी टेकावयास तासाभराहून अधिक वेळ लागतो. तेवढ्या वेळात प्रवाह त्याला शेकडो मीटर बाजूला नेऊ शकतो. म्हणून ते नेमके कोठे टेकले हे शोधून काढावे लागते. उपग्रहांचे संदेश पाण्यात पोहोचत नाहीत. येथे पुन्हा ध्वनीचाच आधार. नौका एका जागी थांबून हाक मारते, उपकरण उत्तर देते, आणि जाण्यायेण्यास लागलेला वेळ मोजला जातो. पाण्यात ध्वनी सेकंदाला सुमारे दीड किलोमीटर जातो. पाच किलोमीटर खालून उत्तर यावयास साडेसहा सेकंदांहून थोडा अधिक वेळ लागतो. नौका निरनिराळ्या जागी जाऊन अशाच हाका मारते आणि त्या साऱ्या अंतरांवरून उपकरणाचे स्थान निश्चित होते. कानाला यंत्र लावून ते पहिले क्षीण उत्तर ऐकण्याचे काम बहुधा तरुणांकडे येते. पाच किलोमीटर पाण्याखालून उत्तर आले की सारी प्रयोगशाळा सुटकेचा निःश्वास टाकते.

या कामात स्त्रियांना फार काळ वाव नव्हता, हेही येथे नमूद केले पाहिजे. अटलांटिकच्या तळाचा नकाशा रेखाटून मध्यसागरी पर्वतरांगेतील खचदरी दाखवून देणाऱ्या मेरी थार्प या अमेरिकन विदुषीला कित्येक वर्षे नौकेवर पाऊल ठेवू दिले गेले नाही; इतरांनी आणलेल्या आकड्यांवरच तिने काम केले. आपल्याकडे गोव्याच्या समुद्रविज्ञान संस्थेतील डॉ. अदिती पंत १९८३–८४ च्या तिसऱ्या अंटार्क्टिका मोहिमेत सहभागी झाल्या. नागपुरात जन्मलेल्या, औंधच्या पंतप्रतिनिधी घराण्यातील अदितीबाई आणि त्यांच्या सहकारी सुदीप्ता सेनगुप्ता या अंटार्क्टिकावर जाणाऱ्या पहिल्या भारतीय स्त्रिया होत.

घड्याळ आणि नोंदवही

सागरी मोहिमेतील सर्वांत महत्त्वाचे काम दिसावयास सर्वांत क्षुल्लक असते. ते म्हणजे घड्याळ लावणे. उपकरण पाण्यात सोडण्यापूर्वी त्याचे घड्याळ उपग्रहांकडून मिळणाऱ्या वेळेशी जुळवावयाचे आणि तो क्षण नोंदवहीत लिहावयाचा. वर्षाने उपकरण वर आले की ते पुन्हा उपग्रहाच्या वेळेशी ताडून पाहावयाचे, आणि जो फरक पडला असेल तो लिहावयाचा. जमिनीवरील स्थानक दिवसरात्र उपग्रहाची वेळ घेत असते. तळावरच्या उपकरणाला वर्षभर आपल्याच घड्याळावर विसंबावे लागते.

हा फरक किती असतो? चांगले स्फटिक-घड्याळ दिवसाला साधारण एक सहस्रांश सेकंद पुढे किंवा मागे जाते असे धरू. व्यवहारात एवढी अचूकता आपण स्वप्नातही मागणार नाही. पण वर्षअखेर ही चूक एकतृतीयांश सेकंदाहून अधिक होते. आता दुसरा हिशेब पाहा. प्रावरणाच्या वरच्या भागात भूकंपाचा प्राथमिक तरंग सेकंदाला सुमारे आठ किलोमीटर जातो. चारशे किलोमीटर जाडीचा थर ओलांडावयास त्याला पन्नास सेकंद लागतात. हा थर तप्त असल्यामुळे तरंगाचा वेग एक टक्क्याने कमी झाला, तर त्याला उशीर होईल तो केवळ अर्ध्या सेकंदाचा.

वाचकांच्या ध्यानात आले असेल की हे दोन आकडे जवळजवळ एकाच मापाचे आहेत. घड्याळाची चूक दुरुस्त केली नाही तर ती चूकच तप्त खडक म्हणून वाचली जाईल. ज्या द्रव्याचा शोध घेण्यासाठी एवढी नौका समुद्रात नेली, ते द्रव्य नसतानाही ‘सापडेल’, किंवा असूनही हातचे निसटेल. म्हणून पहाटे चार वाजता, पोटात मळमळत असताना, ओल्या कागदावर लिहिलेला एक आकडा पुढे कित्येक वर्षे कित्येकांच्या गणिताचा आधार होतो. तो घाईने लिहिला तर त्याची फळे दूरच्या शहरात, समुद्र न पाहिलेल्या माणसाला भोगावी लागतात.

घड्याळाचा हिशेब नेहमीच जुळतो असे नाही. रेयुनियन बेटाच्या भोवताली २०१२ च्या उत्तरार्धात फ्रेंच व जर्मन वैज्ञानिकांनी ५७ उपकरणे सागरतळावर ठेवली आणि २०१३ च्या अखेरीस ती परत घेतली. त्यांतील कित्येकांचे विद्युत्‌घट वर येण्यापूर्वीच संपले होते, त्यामुळे अखेरची वेळ ताडून पाहता आली नाही. तेव्हा संशोधकांनी निराळी युक्ती योजिली. समुद्राच्या लाटा तळावर अखंड एक मंद कंप निर्माण करीत असतात. हा कंप एका उपकरणाकडून दुसऱ्याकडे जावयास जो वेळ घेतो तो बदलावयास नको. तो बदलताना दिसला तर बदल घड्याळाचा. ज्या गोंगाटाला भूकंपशास्त्रज्ञ एरवी कंटाळतात, त्याच गोंगाटावरून त्यांनी घड्याळे दुरुस्त केली.

महाराष्ट्राच्या वाचकाला या मोहिमेबद्दल विशेष आपुलकी वाटावयास हवी. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी ज्या तप्त लोटामुळे दक्खनचा लाव्हा उसळला आणि सह्याद्रीचे काळे कातळ घडले, तोच लोट आज रेयुनियनखाली आहे, असे बहुतेक भूवैज्ञानिक मानतात. भारत उत्तरेस सरकत गेला. लोट मागे राहिला. रायगड किंवा राजगड ज्या खडकावर उभा आहे त्याची मुळे शोधावयाची तर हजारो किलोमीटर दूरच्या सागरतळालाच कान लावला पाहिजे.

जी परत येत नाहीत

सर्वच उपकरणे परत येत नाहीत. ठरलेल्या जागी नौका येते, हाक मारते आणि उत्तर येत नाही. कधी घट संपलेले असतात, कधी मासेमारीच्या जाळ्यात अडकून उपकरण ओढले गेलेले असते, कधी कारण कधीच कळत नाही. नौका थोडा वेळ थांबते, पुन्हा हाका मारते, आणि अखेर पुढे जाते. पुढची उपकरणे वाट पाहत असतात. ज्याच्या प्रबंधाचा पाया त्या नोंदींवर होता, त्या विद्यार्थ्याच्या दृष्टीने ही वेळ कठीण असते. संशोधन-शिष्यवृत्तीला मुदत असते. समुद्राला ती ठाऊक नसते.

तरीही मौन हेदेखील कधी कधी उत्तर ठरते. प्रशांत महासागराच्या पूर्वेकडील सागरी पर्वतरांगेवर ठेवलेली बारा उपकरणे आणावयास २००६ साली एक नौका गेली, तेव्हा केवळ चार वर आली. काहींनी हाकेला ओ दिली, परंतु ती जागची हलली नाहीत. उरलेली गप्पच राहिली. शोधांती उलगडा झाला की मधल्या काळात तेथे समुद्रतळावर ज्वालामुखीचा उद्रेक झाला होता आणि उपकरणे ताज्या लाव्ह्यात अडकून गेली होती. परतलेल्या चार उपकरणांत उद्रेकापूर्वी वाढत गेलेल्या भूकंपांची नोंद होती. नवा सागरतळ जन्मास येताना त्याच्या अगदी जवळून घेतलेली अशी नोंद पूर्वी मिळालेली नव्हती.

आपल्याकडेही याच्याशी नाते सांगणारे एक उदाहरण आहे. राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेने अंदमानच्या समुद्रात ठेवलेल्या उपकरणांनी २१ आणि २२ मार्च २०१४ रोजी निकोबारजवळ लहानलहान भूकंपांची एक मालिका टिपली. तिचा अभ्यास करून २०२० साली संशोधकांनी अनुमान काढले की तेथे सागरतळाखाली शिलारस हलत होता. किनाऱ्यावरील स्थानकांना यातील बारकावे कळणे शक्यच नव्हते. ही नोंद मिळाली याचे कारण एकच: कोणी तरी आधी जाऊन तेथे कान ठेवून आले होते.

श्रम कोणाचे, फळ कोणाचे

येथे एक प्रश्न उपस्थित होतो. महिना-दीड महिना समुद्रावर काढून आलेल्या तरुण संशोधकाच्या हाती लगेच काहीच पडत नाही. उपकरणे ठेवावयास जाणारा आणि वर्षाने ती आणावयास जाणारा पुष्कळदा निराळा असतो. नोंदी हाती आल्यावर त्या स्वच्छ करावयास, घड्याळे दुरुस्त करावयास, तळावर पडलेल्या उपकरणाचे तोंड कोणत्या दिशेला होते हे ओळखीच्या भूकंपांवरून ठरवावयास आणखी काळ जातो. नंतर त्या इतरांनाही खुल्या होतात. ज्याने कधी डेकवर पाय ठेवला नाही अशा संशोधकाला त्यांतून मोठा शोध लागू शकतो. कोणाला त्यांत देवमाशांचे सूर सापडतात, कोणाला दूरच्या वादळाची चाहूल, कोणाला व्यापारी नौकांची वर्दळ. रेयुनियनच्या नोंदींतून हे सर्व निघाले आहे.

मग तरुणाने समुद्रावर का जावे? एक उत्तर असे की मापे आपोआप जमत नाहीत. कोणाला तरी जावेच लागते. परंतु त्याहून महत्त्वाचे उत्तर निराळे आहे. संगणकाच्या पडद्यावर दिसणारी रेघ ही निसर्गाची निखळ वाणी नाही, हे तो तेथे शिकतो. त्या रेघेत उपकरण टेकताना झालेला कल आहे, प्रवाहाची थरथर आहे, घड्याळाचा सहस्रांश आहे आणि पहाटे चार वाजता लिहिणाऱ्या हाताचा थकवाही आहे. ज्याने हे एकदा पाहिले तो पुढे कोणतीही रेघ वाचताना क्षणभर थांबतो आणि विचारतो: हे खडकाचे म्हणणे आहे की उपकरणाचे? उत्तम गणितज्ञालाही हा प्रश्न सुचावा लागतो, आणि बंद खोलीत तो सहजासहजी सुचत नाही.

म्हणून वास्कोहून यशवंतपूरकडे परतणारी गाडी या विज्ञानाला तितकीच आवश्यक आहे. हिंदी महासागरातील खळग्याचा प्रश्न अद्याप पुरता सुटलेला नाही. गणिताने एक उत्तर सुचविले आहे. सागरतळावरील नोंदी त्या उत्तराची पारख करीत राहतील, आणि कदाचित गणित नव्याने मांडावयास लावतील. त्या नोंदींच्या आरंभी, नोंदवहीच्या एका रकान्यात, उपकरण पाण्यात सोडल्याची वेळ आणि घड्याळातील फरक लिहिलेला असेल. त्यापुढे लिहिणाऱ्याची सही असते. पुढे केव्हातरी कोणी त्या आकड्याविषयी शंका घेतली, तर ज्याला विचारावयाचे तो माणूस त्या सहीवरूनच सापडतो.